बाराव्या धड्यातली हाक

…तर एवढं सगळं समजावून झालं, तरी मेजरांनी तो हेडफोन कानाला लावला नाहीच. काल इथवर आलो होतो आपण. हेडमास्तर गंगाधर सर हेडफोन पुढं करून उभे, आणि मेजर दोन्ही हात पाठीमागं बांधून, कवायतीला उभं राहावं तसे. सर वाईचे, बोलणं शुद्ध. म्हणाले, "अहो मेजर, जन्मभर वायरलेसवर बसलेला माणूस तुम्ही. तुम्हीच नाही लावला, तर काय ज्ञानूनं लावायचा?" शाळेचा शिपाई ज्ञानू दारातच होता, तो दोन पावलं मागं सरकला. मेजर म्हणाले, "पोरं लावतील की सर. शिकायचं पोरांनी हाय. मला कुटं आता बोर्डाला बसायचंय." सगळे हसले आणि विषय तिथंच मिटला.

मिटला असं आपलं सगळ्यांना वाटलं. पुढं दीड वर्ष तो हेडफोन शाळेतल्या झाडून सगळ्या पोरांच्या डोक्यावर चढला, मेजरांच्या मात्र चढला नाही, आणि त्यापायी एका गुणी पोरीचं नशीब सांगलीच्या एका खोलीत अडकून पडलं. ते कसं, ते सांगतो. पण काल जे नव्हते त्यांना मेजर कोण हे कळल्याबिगर पुढं जाता यायचं नाही.

मेजर म्हणजे लालासाहेब फडतरे, राहणार निमवाडी, वडूजपासून सात मैल. मेजर ते कधीच नव्हते. हवालदार म्हणून एक्क्याण्णव साली पेन्शनीवर घरी आले. पण आमच्या भागात पलटणीतून आलेला कुणीही असो, गावाला तो मेजरच. निमवाडीत असे सतरा मेजर होते, त्यांतल्या दोघांनी तर सगळी नोकरी लंगरखान्यात चपात्या लाटण्यात काढलेली. खरा मेजर कधी गावात आला असता, तर त्याला काय म्हणावं हा पेचच पडला असता.

आता या लालासाहेब मेजरांची एक खोड पंचक्रोशीला ठाऊक होती. कुणीही हाक मारली की हे पहिल्या हाकेला ओ द्यायचे. हाक त्यांना असो नसो. पलीकडच्या आळीत एखादी बाई पोराला बोलवायला ओरडली, की हे आपल्या ओट्यावरून "ओ". टारगट पोरं तिट्ट्यावर बसून मुद्दाम कुणाचीही नावं घेऊन ओरडायची, आणि मेजर सायकलवरून जाता जाता ओ देऊन मोकळे व्हायचे. पोरं खिदळायची. मेजर रागवायचे नाहीत, पण हसायचेही नाहीत. एकदा मागं वळून बघायचे, खरंच कुणी बोलावलं का म्हणून, आणि मग पुढं.

त्यांची बायको शालूबाई. नळावर बायका तिचा हेवा करत. "आमच्या धन्याला चार हाका मारल्या तर एकदा मान हालती, आन् तुझा बघ." शालूबाई म्हणायची, "लगीन झाल्यापास्नं मला दुसरी हाक मारायची पाळी आली न्हाई बायांनू." बायका हसत. शालूबाई मात्र हे सांगताना घागरीत बघायची. कारण दुपारी जेवून माणूस घटकाभर लवंडला, डोळा लागला, की झोपेतच "ओ" म्हणून ताडकन उठून बसायचा. घरात तिसरं माणूस नसायचं, आणि तिनं तर हाक मारलेली नसायची. पहिल्या वर्षी तिनं विचारलं होतं, कुणाला ओ दिली म्हणून. "कुनाला न्हाई," एवढंच म्हणाले. पुन्हा तिनं विचारलं नाही.

आणि टेलिफोन. लेक पुण्याला दिलेली, तिचा फोन एसटीडीच्या खोक्यावर यायचा. शालूबाई आत जाऊन बोलायची, मेजर बाहेर लिंबाखाली. लेकीला वाटायचं, आप्पांचा आपल्यावर राग आहे.

असा हा माणूस. बरं, इंग्रजी यायचं. पलटणीतलं का होईना, पण बोलायचं इंग्रजी गावात फक्त त्यांनाच. म्हणून सत्त्याण्णव साली शाळेत कॉम्प्युटर आला तेव्हा सरांच्या डोळ्यापुढं पहिलं नाव त्यांचंच आलं.

तो कॉम्प्युटर आला त्याचीही गंमतच. गावचा देवदत्त बंगळुरात नोकरीला. त्याच्या ऑफिसात नवे कॉम्प्युटर आले, तेव्हा त्यानं जुन्यांतला एक शाळेला मिळवून दिला, सोबत इंग्रजी शिकवायची एक सीडी आणि माइक असलेला हेडफोन. नकाशे ठेवायची खोली रिकामी केली, चपला बाहेर काढायचा नियम झाला, शालूबाईनं जुन्या इरकली लुगड्याचं झाकण शिवलं. दसऱ्याला ज्ञानूनं हळदकुंकू लावायला डब्यावर बोट टेकवलं, ते नेमकं बटणावर, आणि सीडी ठेवायचा खण सरकन बाहेर आला. "जीब काडली वं सर यानं!" म्हणून ज्ञानू जो पळाला, तो नारळ हातात घेऊन थेट पारापाशी सापडला.

पण गंमत सोडा, त्या यंत्रानं काम मोठं केलं. गंगाधर सर तीस वर्षं इंग्रजी शिकवत होते आणि मन लावून शिकवत होते. पण त्यांनी ते त्यांच्या सरांकडून ऐकलेलं, आणि त्यांच्या सरांनी त्यांच्या. निमवाडी आजवर इंग्रजी डोळ्यांनी शिकली होती, कानांनी नाही. या यंत्रातली बाई एक वाक्य बोलायची आणि थांबायची. पोरानं तेच वाक्य माइकात बोलायचं. मग यंत्र दोन्ही आवाज लागोपाठ ऐकवायचं, आधी बाईचा, मग पोराचा, आणि पडद्यावर दोघांच्या आवाजाच्या दोन हिरव्या नागमोडी रेघा एकाखाली एक उमटायच्या. चुकलं तर पुन्हा, पुन्हा चुकलं तर आणिक पुन्हा. ते यंत्र हसत नव्हतं, कंटाळत नव्हतं, छडी उगारत नव्हतं. दुपारी दोनला वीज जायची, त्याआधी प्रत्येकाची दहा मिनिटं. नावांचा तक्ता भिंतीवर टांगलेला.

पिठाच्या गिरणीवाल्या भाऊसोची प्रियदर्शनी तेव्हा नववीत होती. घर गिरणीला लागून, दिवसभर घरघर. बोललेलं कुणाला ऐकू जायचं नाही, म्हणून पोर बोलायचीच बंद झालेली. वर्गात विचारलं तर नखानं बाक कोरत बसायची. त्या हेडफोनात तिला पहिल्यांदा स्वतःचा आवाज ऐकू आला. एकेक वाक्य तीस तीस वेळा म्हणायची. पुढच्या पोराची पाळी आली तरी उठायची नाही. चारपाच महिन्यांत तिची रेघ बाईच्या रेघेवर ठेवली तर बसेल अशी झाली.

आणि मेजर हे सगळं मागं उभं राहून नुसतं रेघा बघून शिकवायचे. कान न लावता. "हितं तुजी रेघ लवकर पडली बग. शेवटचं अक्षर गिळलंस." असं बरोबर ओळखायचे, की सरही चाट पडायचे. त्यांचा एकच हट्ट होता. प्रत्येक वाक्याच्या शेवटी पोरांनी 'ओव्हर' म्हटलंच पाहिजे. वायरलेसवर 'ओव्हर' म्हणजे माझं बोलून झालं, आता तू बोल. ते म्हटल्याशिवाय समोरच्यानं तोंड उघडायचं नाही. त्यामुळं सरांनी वर्गात कुणालाही नाव विचारलं की पोरगं ताठ उभं राहून सांगायचं, "माय नेम इज ऋषिराज, ओव्हर." सर कपाळाला हात लावायचे. मेजरांना म्हणायचे, अहो हे इंग्लंडात कुणी म्हणत नाही. मेजर म्हणायचे, "म्हनत नसतील. पर म्हनावं. न्हाईतर बोलनं अर्दवट राहतं."

अकरा धडे असे गुण्यागोविंदानं गेले. बारावा धडा टेलिफोनचा होता.

त्या दिवशी ऋषिराज बसला होता. हेडफोनची तार कशी कोण जाणे ओढली गेली, आणि आवाज हेडफोनातून यायच्या ऐवजी बाहेरच्या पेटीतून आला. आधी घंटी वाजली. मग खरखर झाली. आणि नेहमीच्या बाईऐवजी एक पुरुष बोलला. "हॅलो. कॅन यू हिअर मी?" हॅलो, ऐकू येतंय का. एवढंच. आणि पुन्हा नुसती खरखर. तो उत्तराची वाट बघत थांबलेला.

मेजर मागं उभे होते, ते भिंतीला टेकले आणि टेकल्या टेकल्या खाली बसले. पहिल्या हाकेला ओ देणारा माणूस, पण तोंडातून शब्द नाही. यंत्रानं पुन्हा विचारलं, "हॅलो. कॅन यू हिअर मी?" तेव्हा ते गुडघ्यावर पुढं सरकले आणि पोराच्या खांद्यावरून हात घालून एंटरची कळ दाबली. धडा पुढं गेला. मग उठले, विजार झटकली आणि सगळ्यांना सांगितलं, या धड्याला गप बसायचं. उत्तर द्यायचं नाही. कळ दाबायची आणि पुढं जायचं.

का, ते एकाही पोरानं विचारलं नाही. कारण पोरांपाशी ते तयारच होतं. आमच्या खटाव-माणात प्रत्येक आई पोराला बजावते, की ज्याचं तोंड दिसत नाही त्याच्या पहिल्या दोन हाकांना ओ द्यायची नाही. गेलेल्या माणसाला तिसरी हाक मारता येत नाही म्हणतात. तिसरी आली तर समजायचं जिता माणूस आहे, मग खुशाल ओ द्या. आता यंत्रातल्या त्या गड्याचं तोंड कुणालाच दिसत नव्हतं, आणि मेजरांसारख्या मेजरांचा रंग उडाला होता. पोरांनी आपसात ठरवून टाकलं, बाराव्या धड्यातला माणूस मेलेला आहे.

त्या दिवसापासून त्या खोलीला काहीतरी झालं. पोरं अकराव्या धड्यापर्यंत हसत बसायची आणि बारावा आला की पाय वर घ्यायची. पहिल्या हाकेलाच धप्पकन कळ. ज्ञानू झाडू उंबऱ्यापर्यंत मारायचा, आत नाही. त्याचंही कारण होतं. एकदा दोनला वीज गेली, पोरं घरी गेली, आणि तो कुलूप लावायला आला तर मेजर आत एकटेच बसलेले. पडदा काळा, वर लुगड्याचं झाकण घातलेलं, यंत्रात जीव नाही. खिडकीच्या फटीतून उन्हाची एक तिरीप, तिच्यात धूळ. आणि मेजर त्या झाकणाकडं बघत हळूच म्हणाले, "ओ." थोडं थांबले. कान दिल्यासारखी मान कलती केली. आणि पुन्हा, "ओ." ज्ञानूनं किल्ली दाराला तशीच लटकत ठेवली आणि घर गाठलं.

बरं, तर आता सांगली.

नव्व्याण्णवच्या जानेवारीत सरांना पत्र आलं. सांगलीतली एक संस्था त्यांच्या आणि आमच्या, दोन्ही जिल्ह्यांतल्या खेड्यांतून दहावीची बारा पोरं निवडणार होती; पुढची दोन वर्षं राहणं, जेवण, इंग्रजी आणि कॉम्प्युटर सगळं त्यांच्याकडं. परीक्षा तोंडी इंग्रजीची. सरांनी प्रियदर्शनीशिवाय दुसरं नाव मनात आणलंच नाही. भाऊसो गिरणीवाला म्हणाला, लागला नंबर तर शिकंल, न्हाईतर मे महिन्यात एक स्थळ आलंय. पोरीनं ते ऐकलं होतं. तिचं काय टांगणीला लागलं होतं हे तिला पुरतं कळत होतं.

तिला घेऊन मेजर निघाले. वडूजहून विटा, विट्याहून पलूस. पलूसपाशी उसाचा हिरवा गारवा एसटीत शिरला, तेव्हा आमच्या माळावरची ती पोर खिडकीला नाक लावून बघत राहिली, पण ओठ हलत होते. वाक्यं म्हणत होती. सरांनी शपथ घातली होती, शेवटी 'ओव्हर' म्हणायचं नाही. ती प्रत्येक वाक्यानंतर जीभ चावायची. मेजरांना ते दिसत होतं, आणि काही बोलत नव्हते.

परीक्षा अशी होती. एका खोलीत पोरानं हेडफोन लावून बसायचं. शेजारच्या खोलीत परीक्षक बाई, चारुशीला मॅडम, माइकवर बोलणार. मध्ये भिंत. तोंड बघून कुणी घाबरू नये आणि कपडे बघून कुणी गुण देऊ नये, म्हणून ही सोय. पोरं आत जायची, दहा-बारा मिनिटांनी घामाघूम होऊन बाहेर यायची. प्रियदर्शनी आत गेली आणि दोन मिनिटांत बाहेर आली. चेहऱ्यावर हसू. मेजर बाकावरून उठले.

"झालं?"

"झालं की गुरुजी. बाराव्या धड्याचंच आलं. मी बराबर गप बसले."

मेजरांनी बाकाची पाठ धरली. "गप बसलीस?"

"कळ न्हवती तितं दाबायला, मग नुसती बसले. दोनदा इचारलं, ऐकू येतंय का, ऐकू येतंय का. मी म्हनलं, तिसरी हाक आली की ओ द्यायची. तोंडात वाक्यबी धरलं हुतं. पर तिसरी आलीच न्हाई गुरुजी. दुसऱ्या बाई आल्या न् म्हनाल्या, जा तू."

पोर हसतच होती. मेजरांच्या चेहऱ्याकडं बघून हळूहळू तिचं हसू उतरलं.

आता मेजरांच्या डोळ्यापुढं त्या घडीला काय उभं राहिलं, ते सांगायला हवं. एकाहत्तरचा डिसेंबर, पश्चिमेची सरहद्द. सकाळचे सात वाजलेले, पण धुकं असं की हाताचा पंजा दिसू नये. लालासाहेब तेव्हा तेवीस वर्षांचे, खंदकात सेटपाशी, कानाला हेडफोन. म्हसवडचा सिद्धू त्यांचा जिवाचा दोस्त, सिद्धनाथाच्या नवसाचा म्हणून नाव सिद्धू. तो सात जणांच्या टोळीबरोबर पुढं गेलेला, पाठीवर दुसरा सेट. सिद्धूला इंग्रजीचं वावडं. पलटणीतली ठरलेली वाक्यं काही केल्या पाठ होईनात, उस्ताद रोज पळवायचा. म्हणून लालासाहेबांनी त्याला निमवाडीच्या शाळेतलं एक साधं वाक्य शिकवलं, कॅन यू हिअर मी. एवढं म्हण, कुणालाही कळतंय. ते सिद्धूला आलं. फक्त शेवटी ओव्हर म्हणायला तो कायम विसरायचा.

वरून हुकूम होता. आपण बोललो की शत्रूला आपली जागा सापडते. तेव्हा काही झालं तरी फक्त ऐकायचं, बोलायचं नाही. कुणीही बोलावलं तरी नाही. आणि खरखरीतून सिद्धू आला. "हॅलो, कॅन यू हिअर मी?" आवाज ओढल्यासारखा. लालासाहेबांचा अंगठा बोलायच्या बटणावर गेला आणि तिथंच थिजला. दुसरी हाक आली, तशीच. आई सांगायची, दोन हाका झाल्या तरी ओ द्यायची नाही. त्यांनी मनात मोजलं, दोन. आणि तिसरी आली, ती मराठीत. "लाला, ऐकू येतंय का रं?" तिसरी हाक जित्या माणसाचीच असते. ओ द्यायलाच हवी. अंगठा बटणावर होता. दिली नाही.

मग खरखर. दुपारी धुकं फिटलं तेव्हा सापडला, माइक हातात. साहेबांनी पाठ थोपटली. बोलला असतास तर शंभर माणसं गेली असती, म्हणाले. खोटं नव्हतं ते. लालासाहेबांनी त्यानंतर हेडफोन सोडला, बॅटऱ्या भरायचं काम मागून घेतलं, आणि पुढची वीस वर्षं तारा ओढल्या. म्हसवड वडूजपासून एका एसटीच्या अंतरावर, दर साली सिद्धनाथाच्या रथाला सगळा तालुका लोटतो, हे कधी गेले नाहीत. एकच गोष्ट आतून पोखरत राहिली. तो मेला त्याचं दुःख वेगळं. पण मरताना त्याला वाटलं असेल, पलीकडं कुणी नाही.

आणि आता सांगलीच्या व्हरांड्यात ही पोर सांगत होती, की कुणीतरी विचारलं, ऐकू येतंय का, आणि मी बरोबर गप बसले. त्यांनी शिकवल्यासारखी.

मेजर सरळ आतल्या खोलीत गेले. चारुशीला मॅडमच्या पुढ्यात कागद होता, त्यावर पोरीच्या नावापुढं 'प्रतिसाद नाही' लिहिलेलं. मेजर सावधानमध्ये उभे राहिले आणि म्हणाले, चूक तिची नाही, माझी आहे. मॅडम म्हणाल्या, सगळेच शिक्षक असं म्हणतात. तेव्हा मेजरांनी सांगितलं. सत्तावीस वर्षांत बायकोलाही जे सांगितलं नव्हतं, ते एका परक्या बाईला, उभ्या उभ्या, दहा-पंधरा वाक्यांत, रिपोर्ट द्यावा तसं. मॅडमनी पेनाचं टोपण लावलं, काढलं, पुन्हा लावलं. मग म्हणाल्या, पाच वाजता यादी बंद होते. शेवटच्या मुलानंतर तिला पुन्हा बसवते. पण उत्तर तिनंच दिलं पाहिजे.

खरी अडचण इथंच आली. पोर बसेना. व्हरांड्यातल्या खांबाला धरून उभी. साडेचार वाजून गेलेले. मेजर समजवायला लागले, तर तिनं एकदम मान वर केली. बाकं कोरणारी पोर, पण त्या दिवशी बोलली.

"तुमी का कदी लावला न्हाई गुरुजी?"

मेजरांनी परीक्षेच्या खोलीच्या दाराकडं बघितलं.

"समद्या शाळेला ठावं हाय. त्यात मेलेलं मानूस हाय."

मेजर म्हणाले, "व्हय. हाय. पर वाईट न्हाई त्यो. म्हसवडचा हाय."

"मग त्येला ओ का देत न्हाई तुमी?"

मेजर वळले आणि परीक्षेच्या खोलीत जाऊन पोरांच्या त्या खुर्चीवर बसले. प्रियदर्शनी दारात येऊन उभी राहिली. त्यांनी दोन्ही हातांनी हेडफोन उचलला. त्याच्या स्पंजाला दिवसभरातल्या पोरांच्या तेलाचा वास लागला होता. कानाला लावला. आत खरखर होती. तीच.

आता पोरीचं काय झालं ते आधीच सांगून टाकतो, म्हणजे मागाहून कुणी विचारायला नको. मेजर उठल्यावर ती बसली आणि घड्याळात पाच वाजेपर्यंत बोलत राहिली. बारा जणांत तिचा नंबर अकरावा आला. यंदा सांगलीतच आहे, आणि भाऊसो गिरणीवर येईल त्याला ते सांगत असतो, गिरणी बंद करून. त्याच साली मार्गशीर्षात मेजर म्हसवडच्या रथाला गेले, शालूबाईला बरोबर घेऊन. अजूनही पहिल्या हाकेला ओ देतात, ती खोड काही गेली नाही. पण झोपेत आता गप निजतात, असं शालूबाईच नळावर सांगते.

आणि मेजर त्या हेडफोनवर काय बोलले, ते मला कसं माहीत, तर तिथल्या परीक्षकांना नियम होता, की हेडफोनवर जे उत्तर येईल ते शब्दन् शब्द कागदावर उतरवायचं. चारुशीला मॅडम भिंतीपलीकडून नेहमीचा पहिला प्रश्न बोलल्या, "हॅलो. कॅन यू हिअर मी?" आणि हात सवयीनं लिहीत गेला. तो कागद पोरीच्या कागदांबरोबर टाचला जाऊन शाळेत आला, आणि गंगाधर सरांनी मला तो दाखवला. वर तारीख, खाली मॅडमची सही, आणि मध्ये मेजरांचं उत्तर:

"येस. आय कॅन हिअर यू. दॅट डे ऑल्सो आय हर्ड, ऑल थ्री टाइम्स. आय हॅड ऑर्डर, नो टॉकिंग. नाऊ नो ऑर्डर. यू स्पीक, सिद्धू, आय ॲम हिअर. ओव्हर."